धुऊन देणं अजून तुमचंच काम

प्रश्न : माझी मुलगी सव्वातीन वर्षांची आहे. दिवाळीनंतर डायपर सुटलं, शू वेळेवर सांगते. जूनमध्ये तिला नर्सरीत घालायचंय. शाळेने प्रवेशाच्या वेळी सांगितलं, की मुलांना स्वतःची स्वच्छता स्वतः करता आली पाहिजे. म्हणून महिन्याभरापासून मी तिला शी झाल्यावर स्वतः धुवायला लावते. हाताला लागलं की ती किंचाळते, रडते, हात चड्डीला पुसते. आता तर शीच रोखून धरते. दोन-दोन दिवस होत नाही, आणि होते तेव्हा खडा झालेला असतो. त्यातच शूच्या जागी लाली आलीय, शू करताना 'आग होते' म्हणते. सासूबाई म्हणतात, साबण लावल्याशिवाय स्वच्छ होत नाही, म्हणून त्या प्रत्येक वेळी जंतुनाशक साबणाने धुतात आणि वर पावडर लावतात. पाळणाघरातल्या ताई वाइप्स वापरतात. कुणाचं ऐकू? शाळा सुरू होईपर्यंत हे जमेल का?
– एक आई, पुणे

उत्तर :

आज घरी गेल्यावर लेकीला जवळ घेऊन एवढंच सांगा : 'आता आई धुऊन देणार. तू फक्त झालं की हाक मार.' हे तिला आजच कळू द्या, बाकी सगळं हळूहळू करता येईल. कारण तुमच्या पत्रातली काळजीची गोष्ट म्हणजे ती शी रोखून धरते, ही आहे. तिला धुता येत नाही यात काळजीचं काहीच नाही. या वयात ते येत नसतंच.

पूर्वी खेड्यापाड्यांत जन्मदाखले नसायचे, तेव्हा शाळेत नाव घालताना मास्तर मुलाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावत. कान हाताला लागला तर मूल पहिलीच्या वयाचं झालं, असं धरत. तुमच्या लेकीला आज करायला सांगून बघा. हात माथ्यावरच संपेल. लहान मुलाचं डोकं आणि धड मोठं, हात आखूड. तोच आखूड हात पाठीमागे नेऊन, कमरेत वळून, तोल सांभाळून, न दिसणारी जागा नुसत्या स्पर्शाने धुवायची, आणि दुसऱ्या हाताने पाणीही ओतायचं! बहुतेक मुलांना हे चार ते पाच वर्षांच्या दरम्यान जमू लागतं, आणि त्यानंतरही वर्षभर तरी मोठ्या माणसाने नजर टाकावी लागते. तेव्हा सव्वातीन वर्षांच्या वयात ती रडते ती हट्टाने नव्हे. जे अंगाला पेलत नाही ते तिच्याकडून मागितलं जातंय.

आता त्या खड्याबद्दल. मुलाने शी रोखली की ती आतड्याच्या शेवटच्या भागात पडून राहते. तिथे तिच्यातलं पाणी शोषलं जातं आणि ती कडक होते. कडक शी बाहेर येताना दुखते, कधी बारीक चीर पडून रक्ताचा ठिपकाही दिसतो. एकदा दुखलं की मूल पुढच्या वेळी आणखी घट्ट आवळून धरतं. पाय एकमेकांवर घेऊन ताठ उभं राहणं, कोपऱ्यात किंवा पडद्यामागे जाऊन लपणं, टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं. घरच्यांना वाटतं कुंथतंय, आणि ते खरं तर रोखत असतं. असं बरेच दिवस चाललं तर खड्याच्या कडेने पातळ शी झिरपून चड्डीला लागते. 'एवढी मोठी झालीस तरी चड्डीत करतेस' असं त्यावर मूल ऐकून घेतं, आणि त्याला तर ती झिरपल्याचं कळलेलंही नसतं.

तुमच्या दोन्ही तक्रारी इथे एकमेकींना येऊन मिळतात. साठलेल्या शीचा दाब मूत्राशयावर पडतो, शू पूर्ण होत नाही, थोडी आत राहते, आणि राहिलेल्या शूत जंतू वाढायला वेळ मिळतो. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असतो आणि शीची जागा अगदी लागून असते. लघवीच्या जंतुसंसर्गात बहुतेक वेळा जे जंतू सापडतात ते आतड्यातलेच असतात. म्हणून 'आग होते' हे तिचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. या आठवड्यातच तुमच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि लघवीची तपासणी करून घ्या. ताप आला, ओटीपोटात दुखू लागलं, शूला वेगळाच वास आला किंवा ती गढूळ दिसली, किंवा शू सांगणारी मुलगी पुन्हा चड्डीत करू लागली, तर आठवडाही थांबू नका, त्याच दिवशी जा. अँटिबायोटिक द्यायच्या आधी लघवीचा नमुना घेतलेला असावा, हे डॉक्टरांना आठवणीने विचारा. आणि औषधाच्या दुकानातून 'लालीचं मलम' म्हणून मिळणाऱ्या ट्यूबा आपल्या मनाने लावू नका. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं आणि या नाजूक कातडीला ते बाधतं.

खड्यासाठी डॉक्टर शी मऊ करणारं औषध देतील. ते चार दिवसांत बंद करू नका. शी करताना दुखत नाही हा विश्वास मुलाला परत यायला आठवडे, कधी महिने लागतात, आणि तोवर शी मऊच राहिली पाहिजे. तेलात बुडवलेला विड्याच्या पानाचा देठ, साबणाची कांडी हे घरगुती उपाय कृपा करून करू नका. ज्या जागेच्या भीतीने ती आधीच आवळून बसलीय, तिथे पुन्हा काहीतरी घालणं म्हणजे ती भीती पक्की करणं. जेवणात पपई, पेरू, भिजवलेल्या काळ्या मनुका, भाकरी, पालेभाजी वाढवा, बिस्किटं कमी करा, पाणी दिवसभर थोडं थोडं द्या. दूध किती पिते तेही बघा. आपल्याकडे अनेक घरांत या वयाची मुलं बाटलीने दिवसाला लिटरभर दूध पितात आणि मग पोळीभाजीला पोटात जागाच उरत नाही. साधारण अर्धा लिटर पुरे.

जेवण झाल्यावर आतड्याची हालचाल आपसूक वाढते. त्याचा फायदा घ्या. सकाळच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटांनी तिला पाचेक मिनिटं बसवा. झाली तर झाली, नाही झाली तर उठू द्या. कमोड असेल तर वर लहान मुलांची सीट आणि पायाखाली देवघरातला नव्हे, वेगळा ठेवलेला लाकडी पाट. पाय अधांतरी लोंबकळत असतील तर जोर लागत नाही. पाय टेकलेले, गुडघे कमरेपेक्षा जरा वर, हे उकिडवं बसण्याच्या जवळ जातं. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर ती बैठक उत्तमच, फक्त पडण्याची भीती वाटू नये म्हणून तुमचा हात धरू द्या.

आता धुणं. इथे मी जरा सविस्तर लिहिते, कारण 'पुढून मागे' एवढं सगळेच सांगतात आणि प्रत्यक्षात हात कुठून न्यायचा ते कुणी सांगत नाही.

चड्डी घोट्यांत अडकवून ठेवू नका, पूर्ण काढा. चड्डी पायांत असली की मुली गुडघे जुळवून बसतात. मग शूची थोडी धार आतल्या बाजूला वळते आणि उभं राहिल्यावर थेंब थेंब चड्डीत उतरते. बऱ्याच मुलींची कायम ओली असणारी चड्डी आणि लाली या एवढ्याशा कारणाने असते. गुडघे लांब ठेवून बसवलं, शू झाल्यावर लगेच न उठवता थोडं बसू दिलं, की फरक पडतो.

शी झाल्यावर ती कमोडवर असेल तर तिला पुढे वाकून तुमच्या खांद्यावर हात ठेवू द्या. तुम्ही तिच्या बाजूला बसा. उजव्या हातातल्या लोटीने आधी समोरून कोमट पाण्याची बारीक धार सोडा, शूच्या जागेवरून ती खाली जाऊ द्या. तिथे चोळायचं नाही, बोट फिरवायचं नाही, पाणी वाहून गेलं की ती जागा स्वच्छ झाली. मग डावा हात तिच्या पाठीमागून न्या आणि पाणी ओतत शीची जागा धुवा. हात पाठीकडून आत जातो आणि पाठीकडेच बाहेर येतो. दोन्ही पायांच्या मधून, पोटाच्या बाजूने हात घालून धुतलं, की हात मागे घेताना घाण पुढे ओढली जाते. घाईत, विशेषतः मूल उभं असताना, आपण नेमकं हेच करतो. शी धुतलेला हात पुन्हा पुढे न्यायचा नाही.

जेट वापरत असाल तर दाब अगदी कमी ठेवा आणि धार समोरून खाली सोडा. खालून किंवा मागून जोरात मारलेली धार शीचे शिंतोडे नेमके नको तिथे उडवते, आणि मूल दचकतं ते वेगळंच. गीझरचं पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन बघा. जेटच्या नळीत आधीचं गरम पाणी साठलेलं असू शकतं.

मग कोरडं करायचं. पाण्याने धुणाऱ्या आपल्या घरांत नेमकं हेच राहून जातं. ओल्या अंगावर चड्डी चढते आणि दिवसभर ती ओल आत मुरते. जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे हातभर तुकडे करून ठेवा. एक पुढच्या जागेला, एक मागच्या. पुसू नका, नुसतं टिपा. रोज धुऊन उन्हात वाळवा. चड्डी सुती, सैल.

सासूबाईंच्या साबणाबद्दल. तो साबण आणि पावडर आजपासून बंद करा, पण त्यांच्याशी बोलताना आधी हे लक्षात घ्या, की त्यांच्या पिढीने डायपरशिवाय मुलं वाढवली. पाय लांब करून बाळाला दोन्ही पावलांवर बसवायचं आणि शी-शू करवून घ्यायची, हे कसब त्यांच्या हातात आहे. त्यांचा स्वच्छतेचा आग्रह चुकीचा नाही. फक्त या वयात मुलींची ती कातडी फार पातळ असते, मोठ्या बायकांच्या शरीरातलं जे संप्रेरक तिला जाड आणि मजबूत करतं ते तिच्या शरीरात अजून नसल्यासारखंच असतं. तिथे साबण लागला की आग होते. जंतुनाशक साबण तर आणखी बोचतो. टाल्कम पावडर घड्यांमध्ये गोळा होऊन बसते आणि उडालेली श्वासातून छातीत जाते. शूच्या जागेला फक्त पाणी लागतं. मागच्या बाजूला फार चिकटलेलं असेल तेव्हा सौम्य साबणाचा हात फिरवला तर चालेल, तोही बाहेरूनच. डॉक्टरांकडे जाताना सासूबाईंना बरोबर न्या. सुनेने सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यात घरात फरक पडतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आणि तो साबण वाया घालवू नका, हातांसाठी ठेवा, लेकीला हात धुवायला शिकवायचं काम त्यांच्याकडे द्या. त्या ते मन लावून करतील.

हात धुणं मात्र तिला आजपासून शिकवण्यासारखं आहे. शी-शू झाल्यावर, तिला तुम्ही धुतलं असलं तरीही, तिनेही साबणाने हात धुवायचे. वीस सेकंद, म्हणजे एखादं बडबडगीत पूर्ण म्हणून होईपर्यंत. बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखं. तुम्हीही धुवा. लहान मुलाची शी निरुपद्रवी असते असं आपल्याकडे समजतात, आणि शीचं भांडं मोरीत विसळलं जातं. जंतू तिच्या शीतही तेवढेच असतात. ते भांडं संडासातच रिकामं करा, तिथेच धुवा.

नखं आठवड्याला कापा. रात्री झोपेत ती मागे खाजवत असेल तर सुतासारख्या बारीक पांढऱ्या जंतांचा संशय घ्या. त्यांची मादी रात्री बाहेर येऊन अंडी घालते, खाजवताना ती नखांत जातात आणि तिथून तोंडात, पांघरुणावर, घरभर. म्हणून औषध घरातल्या सगळ्यांना घ्यावं लागतं, आणि साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये १० तारखेला राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो, तेव्हा अंगणवाडीत आणि शाळेत अल्बेंडाझोलची गोळी मोफत मिळते. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, त्यापुढे पूर्ण. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला चुरून पाण्यातून, मोठ्यांना चावून.

पाळणाघरातल्या ताईंना वाइप्सवरून दोष देऊ नका. एका वेळी आठ-दहा मुलं सांभाळताना हाताशी असेल ते वापरलं जातं. पण बऱ्याच वाइप्समधला सुगंध आणि टिकाऊपणासाठी घातलेली रसायनं काही मुलांच्या कातडीला सोसत नाहीत, आणि लाली असताना तर नकोतच. तिच्या पिशवीत एक पाण्याची बाटली, दोन सुती फडकी, दोन जादा चड्ड्या ठेवा. ताईंना एकदा प्रत्यक्ष दाखवा, तोंडी सांगून हात कुठून न्यायचा ते समजत नाही. प्रवासात वाइप्स वापरावेच लागले तर बिनसुगंधी घ्या, एका वाइपने पुढून मागे एकदाच पुसा आणि कचऱ्यात टाका, संडासात नको.

स्वतः धुवायला शिकवायचं कधी? शी मऊ होऊन, रोखणं थांबून महिना-दीड महिना झाल्यावर, आणि शीच्या वेळी नव्हे, आंघोळीच्या वेळी. अंग स्वच्छ असतं, वास नाही, किळस नाही. 'बघू बरं, मागून हात पोचतोय का' म्हणत खेळायचं. एक लिटरचा भरलेला मग तिला किलोभर जड आहे, पाव लिटरची लोटी द्या. संडासात आधी तिने फक्त पाणी ओतायचं, धुणं तुमचं. मग तुम्ही धुऊन झाल्यावर शेवटचा हात तिचा. पुढे कधीतरी पहिला हात तिचा आणि शेवटचा तुमचा. हाताला लागलं तर 'शी बाई, घाण!' असं घरात कुणीही म्हणायचं नाही. 'लागलं? चल, साबणाने जाईल,' एवढंच. ती सध्या किंचाळते ते हाताला लागलेल्या शीपेक्षा आजूबाजूच्या चेहऱ्यांना बघून असण्याची शक्यता जास्त.

धुताना रोज एक वाक्य बोला : 'मी धुऊन देऊ का?' तिने हो म्हटल्यावरच हात लावा. अवयवांची साधी नावं सांगा. आई, बाबा, आजी आणि ताई, एवढीच माणसं धुऊन देतात, आणि दुसऱ्या कुणी हात लावला तर आईला सांगायचं, कुणी 'सांगू नको' म्हटलं तरी सांगायचं, हे तिला रोजच्या धुण्यातून सहज कळेल.

ज्यांच्या घरी मुलगा आहे त्यांनी विचारायच्या आधीच सांगते : शूच्या जागेची कातडी मागे ओढून धुवायची नाही. या वयात ती आतून चिकटलेलीच असते, वर्षं जातात तशी आपोआप सुटते. बाहेरून पाणी पुरे. मुलींमध्येही कधी आतल्या पाकळ्या जुळल्यासारख्या दिसतात, त्याही ओढायच्या नाहीत, डॉक्टरांना दाखवायचं.

राहिला शाळेचा प्रश्न. जूनपर्यंत ती स्वतः धुऊ लागणार नाही, आणि शाळेने ती अपेक्षा ठेवणंच मला मान्य नाही. तीन-साडेतीन वर्षांची मुलं घेणाऱ्या शाळेने त्यांना धुऊन देण्याची सोय ठेवली पाहिजे. मुख्याध्यापिकांना भेटा आणि स्पष्ट विचारा : शी झाली तर कोण धुऊन देतं? ती बाईच असते ना? तिचं नाव काय? त्या वेळी दुसरी मोठी व्यक्ती जवळ असते का? संडासात पाणी आणि साबण मुलांच्या हाताला येईल इतक्या उंचीवर आहे का? तिला 'शू आली' म्हणून तासाच्या मध्ये जाऊ देतात का? बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं २०२४ मध्ये उघडकीस आलं, त्यानंतर हे प्रश्न विचारताना कोणत्याही आईने संकोचू नये, आणि कोणत्याही शाळेने कपाळाला आठ्या घालू नयेत. उत्तरं नीट मिळाली तर तिथल्या मावशींना शाळा सुरू व्हायच्या आधी एकदा भेटा, लेकीची ओळख करून द्या, तो संडास तिला दाखवून आणा. 'आमच्याकडे तसं चालत नाही' एवढंच उत्तर मिळालं, तर दुसरी शाळा बघायला अजून वेळ आहे.